कुलूप अपडेट होत आहे

ठरवलं होतं एवढंच, की यापुढे स्वतः वापरून पाहिल्याशिवाय कुठल्याही वस्तूबद्दल मत द्यायचं नाही. इतका साधा, सरळ आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असा निर्णय. पण स्टेनोचे साधे सरळ निर्णय त्याच्या घरच्यांना नेहमीच भोवत आले होते, आणि या वेळचा तर घरच्यांबरोबर अग्निशमन दलालाही भोवला.

स्टेनो म्हणजे कोर्टातला लघुलेखक. कोर्टात, सोसायटीत आणि (रागावली की) बायकोच्या तोंडीही त्याचं नाव स्टेनोच. दिवसभर दोन्ही बाजूंचे वकील बोलायचे, साक्षीदार बोलायचे, मध्येच जज्जसाहेब बोलायचे, आणि हा मान खाली घालून सगळं उतरवून घ्यायचा. इतक्या वर्षांत कोर्टाने त्याला एकच प्रश्न विचारला होता, "शेवटचं वाक्य काय घेतलंत?" तेव्हा आठवडाभरात माणसाच्या पोटात किती मतं साठत असतील, याची कल्पना करा.

ती मतं रविवारी सकाळी बाहेर पडत. घरातल्या अडगळीच्या खोलीत, जुन्या सुटकेसी आणि बिघडलेला टेबलफॅन यांच्या मधल्या जागेत त्याने एक टेबल, लॅपटॉप आणि माइक मांडला होता. तिथून तो इंटरनेटवर आपला थेट कार्यक्रम करायचा, 'नेटका निकाल'. आठवड्यातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्या घ्यायच्या आणि एकेकीवर निकाल द्यायचा. चित्र नाही, नुसता आवाज. (चित्र का नाही, ते खोली पाहिलेल्याला सांगावं लागत नसे.)

आणि खरं सांगायचं तर निकाल बरे असायचे. एका कंपनीने फोनसोबत चार्जर देणं बंद केलं आणि हे आपण पृथ्वीच्या भल्यासाठी करतोय असं जाहीर केलं, तेव्हा स्टेनो म्हणाला होता, "उद्या बुटांच्या खोक्यात डावाच बूट देतील, आणि उजवा झाडांसाठी वाचवला म्हणतील." फ्रिजच्या दारावर जाहिराती दिसू लागल्याची बातमी आली, तेव्हा तो इतका तापला की सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "दूध नासलं का?" कृत्रिम बुद्धिमत्तेवर तर तो लागोपाठ कितीतरी रविवार बोलला. "उत्तर माहीत नसताना इतक्या आत्मविश्वासाने उत्तर देणारं यंत्र निघालं म्हणून लोक थक्क होतायत," तो म्हणाला, "मी अशी माणसं रोज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाहतो."

पण सगळ्यात आवडता विषय खासगीपणा. "ही यंत्रं आपलं सगळं ऐकतात," तो बजावून सांगायचा. "काहीही उघड करू नका. बघा, मी तुम्हाला माझं नावसुद्धा सांगितलेलं नाही!"

ऐकणारे मोजकेच. त्यातला एक मात्र नियमाने लिहायचा. टोपणनाव 'दाढदुखी'. स्टेनो कशावरही कितीही रंगून बोलला, तरी शेवटी खाली याची एकच ओळ यायची: 'तुम्ही हे स्वतः वापरून पाहिलंय का?'

स्टेनोच्या डोळ्यांसमोर या माणसाचं चित्र अगदी पक्कं होतं. म्हातारा, दात पडलेला, बायको माहेरी गेलेली. पण प्रश्न जिव्हारी लागायचा, कारण उत्तर नेहमीच 'नाही' होतं. शेवटी स्टेनोने तो निर्णय घेतला आणि एक स्मार्ट कुलूप मागवलं.

"हे आपल्या दाराला लावायचं नाही," बायकोने खोकं पाहताच सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे सोडवणं हा तिचा धंदा, त्यामुळे ठामपणा तिच्या हातात आणि आवाजात सारखाच होता.

"अगं, बोट लावलं की उघडतं. किल्लीची भानगडच नाही."

"किल्लीची कधी भानगड झाली आपल्याकडे?"

"नाही झाली, पण..."

"मग? प्रयोग करायचेत ना, तुमच्या त्या खोलीला करा. तिथे चोर शिरला तर त्यालाच दोन सुटकेसी देऊन पाठवू."

म्हणून कुलूप अडगळीच्या खोलीला बसलं. बसवायला माणूस येणार होता, पण स्टेनोने स्वतःच बसवलं. (माहितीपुस्तिका अनेक भाषांत होती. मराठी सोडून.) काम संपलं तेव्हा दोन स्क्रू उरले, ते कंपनीने सद्भावनेने जास्त दिले असावेत असं समजून त्याने खिडकीत ठेवले.

कुलूप मात्र त्याच्या अपेक्षेपेक्षाही हुशार निघालं. बाहेरून खोलीत शिरताना बोटबीट काही लावावंच लागत नव्हतं. मूठ फिरवली की दार उघडायचं. बाहेर पडताना तेवढं आतल्या काळ्या काचेवर बोट ठेवावं लागायचं, मग एक मंजुळ बाई म्हणायची, "स्वागत आहे."

"म्हणजे बघा आई," स्टेनो सासूबाईंना कौतुकाने सांगत होता, "आत येताना ते आपल्याला पावलांवरूनच ओळखतं. घरचं माणूस आहे म्हटल्यावर अडवतच नाही. आणि बाहेर जाताना तपासतं. दुहेरी सुरक्षा!"

"बाहेर जाताना स्वागत कसलं करतं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाहेरच्या जगात स्वागत," स्टेनो म्हणाला.

सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्याला बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर शाळांचे युनिफॉर्म शिवलेली बाई. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. जावयाशी त्यांचं बोलणं म्हणजे 'चहा ठेवलाय' आणि 'पंखा बारीक करा' एवढंच. त्याला वाटायचं, आपण त्यांना पसंत नाही. त्यांना काय वाटायचं, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी बायको सकाळीच एका पेशंटकडे गेली. गुडघा बदललेल्या बाईंचे व्यायाम होते. जाताना म्हणाली, "आईचं इन्सुलिन झालंय. तिने आता लगेच खायला हवं. लक्ष द्या."

"देतो," स्टेनो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला एक कल्पना सुचली. 'दाढदुखी'ला नुसतं वापरून नाही, साक्षीदारासकट दाखवायचं.

"आई, दोन मिनिटं आत येता? नुसतं बोट लावायचं."

"मी खाऊन..."

"दोनच मिनिटं!"

फोन त्याने नेहमीप्रमाणे हॉलमध्ये ठेवला, कार्यक्रमात वाजायला नको म्हणून. सासूबाईंना सुटकेसवर बसवलं, दार ओढून घेतलं आणि कार्यक्रम सुरू केला.

"आजचा निकाल अनुभवावर आधारित आहे," त्याने घसा खाकरून सांगितलं, "आणि सोबत ज्येष्ठ नागरिक आहेत. आई, लावा बोट."

सासूबाईंनी काचेवर बोट ठेवलं.

"बोट ओळखता आलं नाही," मंजुळ बाई म्हणाली.

दुसरं बोट. तिसरं. अंगठा.

"सुईने झिजलीयत हो," सासूबाई म्हणाल्या. "माझी बोटं आता मलाच ओळखत नाहीत, त्या बाईला कुठून ओळखणार?"

स्टेनोने घाईघाईने स्वतःचं बोट पुढे केलं. तेवढ्यात काच निळी झाली आणि बाई म्हणाली, "कुलूप अपडेट होत आहे. कृपया प्रतीक्षा करा."

"हा तांत्रिक भाग आहे," स्टेनोने श्रोत्यांना सांगितलं. "कंपनी घरबसल्या आपलं कुलूप सुधारून देते. जुन्या कुलपात हे होतं का? निकाल: आधुनिक जीवनाला पर्याय नाही. नमस्कार."

त्याने 'थांबवा' हे बटण दाबलं. पडद्यावर 'प्रक्षेपण थांबवत आहे' अशी अक्षरं आली, एक गोल फिरायला लागला, आणि फिरतच राहिला. माउस हलेना, कळा चालेनात. लॅपटॉप जुना होता, त्याला अशा समाध्या लागायच्या. स्टेनोने तो नाद सोडला आणि दाराकडे वळला.

"अपडेट पूर्ण झालं," बाई म्हणाली. "नव्या अटी व शर्ती आपल्या फोनवर मान्य करा."

"फोन बाहेर आहे," स्टेनो तिला म्हणाला.

"मला समजलं नाही. कृपया फोनवर मान्य करा."

"अहो, फोन दाराच्या त्या बाजूला आहे, आणि मी दाराच्या या बाजूला!"

"आपला दिवस शुभ असो."

स्टेनोने दोन्ही हातांची सगळी बोटं लावून पाहिली. मग त्याला आठवलं, कुलपाला अडीअडचणीसाठी एक साधी किल्लीही असते. तिचं भोक समोरच काचेखाली दिसत होतं. किल्ली मात्र खोक्यात होती, आणि खोकं त्याने परवा रद्दीत टाकलं होतं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. जरा अटी बदलल्यात."

"कोणी?"

"कुलपाने."

सासूबाईंनी पदराने कपाळ पुसलं. थोड्या वेळाने पुन्हा पुसलं. खोलीत तसं गरम होत नव्हतं. स्टेनोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांची बोटं थरथरत होती आणि चेहरा उतरला होता.

"आई, तुम्ही खाल्लं नाहीत ना?"

"तुम्ही दोन मिनिटं म्हणालात."

आता मात्र स्टेनोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने टेबलाचा खण उपसला. घशासाठी ठेवलेल्या गोळ्यांची डबी सापडली, त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने झाकण उघडलं आणि वरची अक्षरं वाचली: 'शुगर-फ्री'. आरोग्यविषयक ॲपवर निकाल देताना त्यानेच कौतुकाने घेतल्या होत्या त्या.

खोलीला वरच्या अंगाला एक झडपेएवढी खिडकी होती, इमारतीच्या डक्टमध्ये उघडणारी. स्टेनो सुटकेसवर चढला आणि तोंड लावून ओरडला, "वाचवा! दार उघडा! आम्ही अडकलोय!"

खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर डक्टमधून ओरडले, "आज आवाज फार मोठा आहे! विषय काय?"

"विषय नाही! खरोखर अडकलोय!"

"छान, छान! संध्याकाळी सवडीने ऐकतो!" आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

स्टेनो खाली उतरला. माहितीपुस्तिका घेऊन त्याने सासूबाईंना वारा घालायला सुरुवात केली. निदान तेवढी तरी ती कामाला आली. मध्येच उठून दाराला खांदा दिला. दार जागचं हललं नाही, खांदा मात्र हलला. (पुढे पंधरवडाभर बायकोने तो फुकट सोडवला.) मग त्याने कुलपापुढे हात जोडले. "बाई गं, मला सगळ्या अटी मान्य आहेत. न वाचता मान्य आहेत. आजवर कोणी वाचल्यात? उघड!"

"मला समजलं नाही," बाई म्हणाली.

"अहो," सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "तिला काही समजत नाही. बसा इथे."

तो बसला. आणि न ठरवता त्याने त्यांचा हात हातात घेतला. गार होता. इतक्या वर्षांत हा हात त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून लगेच मागे गेला होता, कधी असा थांबला नव्हता.

"आई, डोळे मिटू नका. बोलत राहा. काहीही बोला."

"काय बोलू? बोलायचं तुमचं काम."

"माझं कोण ऐकतं?"

"मी ऐकते की," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दर रविवारी. बाहेर स्टूल टाकून बसते. तो चार्जरवाला, डाव्या बुटाचा, फार आवडला होता मला. आतमध्ये हसू ऐकू जाईल म्हणून पदर तोंडात धरला होता."

स्टेनो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला मी पटत नाही."

"पटत नव्हतातच," सासूबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. साखर उतरली की त्यांची भीडही उतरायची. "लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, हा मुलगा तोंडातून शब्द काढत नाही, पोरगी कंटाळेल. मग तुम्ही हा माइक आणलात. आता म्हणते, होतं तेच बरं होतं. पण तुम्ही माणूस चांगले आहात. जास्त बोलता, पण उलट बोलत नाही."

स्टेनोचे डोळे भरून आले. "आई, इतक्या वर्षांत मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. घर तुम्ही आणि हिने चालवलंत. मी कोर्टात बसतो, तिथे साहेब जेवणानंतर डोळे मिटतात, मी घड्याळाकडे बघतो, आणि घरी येऊन जगाला अक्कल शिकवतो. सगळं आयतं मिळालं मला. तुमचे फार उपकार..."

"आता आभार मानू नका हो," सासूबाई घाबरून म्हणाल्या. "मला वाटायला लागलंय, माझं काही खरं नाही."

त्यांची मान हळूहळू त्याच्या खांद्यावर टेकली. स्टेनो वारा घालत राहिला आणि ज्या कोणाला ऐकू जाईल त्याला मनातल्या मनात हाका मारत राहिला.

आणि ऐकू जात होतं. पडद्यावर तो गोल फिरत असला तरी आवाज मुळी थांबलाच नव्हता. माइक सुरू होता, आणि जे चाललं होतं त्यातलं अक्षरन् अक्षर जगभर जात होतं. हे सगळं स्टेनोला नंतर कळलं.

मोजक्या श्रोत्यांनी आपापल्या ओळखीच्यांना कळवलं, त्यांनी पुढे. बघता बघता शेकडो लोक ऐकायला लागले. सगळे खाली लिहीत होते, 'जमिनीवर आडवं करा त्यांना', 'बिजागरीचे स्क्रू काढा', 'लॅपटॉप बंद करून चालू करा', आणि स्टेनोला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. तेव्हा 'दाढदुखी'ने लिहिलं, 'सल्ले पुरे. हे राहतात कुठे ते शोधा.'

ज्याने आपलं नावही सांगितलं नव्हतं, त्या स्टेनोचं घर शोधायला त्या लोकांना फारसा वेळ लागला नाही. एकाला आठवलं, हे कोर्टात कामाला आहेत आणि चालत जातात. दुसऱ्याला, समोरच्या शाळेची घंटा रविवारीही चुकून वाजते म्हणून त्यांनी स्वयंचलित यंत्रांवर निकाल दिला होता. तिसरी म्हणाली, तळमजल्यावर बेकरी आहे, पावाच्या वासाने बोलताना लक्ष विचलित होतं असं ते तीनदा म्हणालेत. लिफ्टच्या नव्या पडद्यावर तर एक अख्खा रविवार खर्ची पडला होता. कोर्ट, शाळा, बेकरी, नव्या पडद्याची लिफ्ट. एकाने नकाशावर बोट ठेवलं. बायकोचं क्लिनिक सायकलच्या दुकानावर आहे, हेही कधीतरी बोलून गेलं होतं. कोणीतरी त्या दुकानात फोन केला, दुकानदाराने वरच्या पाटीवरचा नंबर वाचून दाखवला. आणि एका काळजीवाहू गृहस्थाने अग्निशमन दलालाही कळवून टाकलं.

स्टेनोला फक्त एवढं ऐकू आलं, की घराच्या दारात किल्ली फिरली आणि एकदम पुष्कळ पावलं आत आली.

"मागे व्हा!" एक भारदस्त आवाज म्हणाला. "दार तोडतोय!"

"तोडा! लवकर तोडा!" स्टेनो आतून ओरडला.

"थांबा हो," बायकोचा आवाज आला. "एक मिनिट. हे कुलूप असं काय दिसतंय?"

मग नुसती मूठ फिरल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. इतकं सहज, की कुऱ्हाड उगारलेला जवान तोल जाऊन सुटकेसवर बसला.

कुलूप उलटं बसलं होतं. त्याची बाहेरची बाजू आत आणि आतली बाजू बाहेर. ते पावलं ओळखत नव्हतं की घरची माणसं. बाहेरून ते कोणालाही, अगदी वाटेवरच्या माणसालाही, उघडून देत होतं. बंद फक्त स्टेनोला करत होतं.

पण त्या क्षणी हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. जाड चष्म्याची एक तरुण बाई सगळ्यांच्या आधी आत घुसली, गुडघ्यांवर बसली आणि तिने सासूबाईंच्या ओठांशी साखरेच्या पाण्याचा पेला लावला. "आजी, हळूहळू. एक घोट. अजून एक." बायको आईचा दुसरा हात धरून बसली होती. स्टेनो मध्ये माहितीपुस्तिका हातात घेऊन उभा, अजून हवेला वारा घालत.

थोड्या वेळाने सासूबाईंच्या गालांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडून खोलीभर पाहिलं. दारात हेल्मेटं होती, हेडमास्तर होते, बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला होता, आणि मागे जिन्यापर्यंत अनोळखी माणसं टाचा उंचावून उभी होती.

"एवढ्या लोकांना चहा?" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा सगळे एकदम हसले. बायको हसता हसता रडायला लागली. आणि स्टेनो त्या बाईसमोर हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, तुमचे उपकार..."

"मी दातांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "पण साखरेचं आम्हालाही शिकवतात."

"दातांची?" स्टेनोच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. म्हातारा, दात पडलेला, बायको माहेरी गेलेली ते चित्र एकेक करत गळून पडलं. "म्हणजे तुम्ही... दाढदुखी?"

"हो. पत्ता निघाला तेव्हा कळलं, माझा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत आहे. आणि या वेळी तुम्ही वापरून पाहिलंत, ते मान्य."

नेमका त्याच वेळी लॅपटॉप समाधीतून जागा झाला आणि पडद्यावर प्रश्न उमटला, 'प्रक्षेपण खरोखर थांबवायचं आहे का?' खाली अनोळखी माणसांच्या ओळींमागून ओळी धावत होत्या. 'आजी बऱ्या आहेत!' 'दार उघडलं!' 'देव पावला!' कोणी परदेशात पहाटे जागं होतं, कोणी दुकानात गिऱ्हाईक थांबवून ऐकत होतं. स्टेनो त्या ओळी वाचत उभा राहिला. ही यंत्रं आपलं सगळं ऐकतात, असं तो ज्या आवाजात वर्षानुवर्षं सांगत आला होता, तो आवाज त्याला त्या वेळी लागला नाही. त्याला एवढंच कळत होतं, की आज कोणी ऐकत नसतं तर सासूबाईंचा तो गार हात त्याच्या हातात तसाच राहिला असता.

"साहेब कोर्टात झोपतात, हेही सगळ्यांनी ऐकलं का?" त्याने हळूच दंतवैद्यीणबाईंना विचारलं.

"शेकडोंनी," त्या म्हणाल्या.

सोमवारी जज्जसाहेबांनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं. साहेबांनी फाइलवरून नजर न उचलता विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" आणि तो "बऱ्या आहेत सर" म्हणाल्यावर म्हणाले, "सांभाळा त्यांना." जेवणानंतर साहेबांनी डोळे मिटले नाहीत. दिवसभर टक्क उघडे ठेवून ते स्टेनोकडेच बघत होते. त्या दिवशी टाइपिंगच्या जेवढ्या चुका झाल्या, तेवढ्या त्याच्या नोकरीत कधी झाल्या नव्हत्या.

पुढचा सगळा आठवडा तो लोकांचे आभार मानत फिरला. अग्निशमन केंद्रावर गेला, सायकलच्या दुकानात गेला, बेकरीत गेला. शाळेच्या शिपायाला भेटून म्हणाला, "तुमची ती घंटा चुकत राहू दे." दंतवैद्यीणबाईंच्या दवाखान्यात आभार मानायला गेला आणि दोन दाढा भरून आला. बायकोला त्याने काही म्हटलं नाही. नुसता ती दमून आली की तिच्या आधी उठून चहा ठेवायला लागला. तिने पहिल्या दिवशी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, दुसऱ्या दिवशी चहा प्यायली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "साखर कमी टाकत जा."

कुलूप निघालं. अडगळीच्या खोलीचं दारच काढून टाकलं, आणि सासूबाईंचं स्टूल आत आलं.

रविवारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ऐकणाऱ्यांचा आकडा पाहून स्टेनोला घाम फुटला. त्याने आठवडाभर खपून आभाराचं भाषण तयार केलं होतं, आणि ते मनापासून होतं. "मित्रहो," त्याने सुरुवात केली, "ज्या अनोळखी माणसांनी..."

'आभार पोचले,' खाली ओळ आली. 'आजी कुठे आहेत?'

'आजींना द्या.'

'आजी! आजी!'

स्टेनोने माइक सासूबाईंकडे सरकवला. त्या आधी नको नको म्हणाल्या. मग घरं झाडणाऱ्या यंत्रमानवाची बातमी तेवढी त्यांना ठाऊक होती, तिच्यावर बोलल्या. "तो पलंगाखालचं झाडतो म्हणे. पण पलंगाखाली मिळालेली वस्तू कोणाची, हे त्याला कुठे कळतं? आणि ज्याला ते कळत नाही, त्याने घर झाडू नये." लोक खूश. त्या मग फोनवर बोलल्या, टीव्हीवर बोलल्या, दर महिन्याला हप्ता घेणाऱ्या ॲपवर बोलल्या. एकदाही घसा खाकरला नाही, कागद पाहिला नाही. स्टेनो सुटकेसवर बसून ऐकत राहिला. मध्ये एकदा त्याला ठसका लागला.

'आजी, मागे कोण खोकतंय?' कोणीतरी विचारलं. 'पाहुणे आलेत का?'

सासूबाईंनी चष्मा सावरून ती ओळ वाचली.

"छे हो, पाहुणे कसले," त्या म्हणाल्या. "आमचे जावई आहेत. तेही हल्ली ऐकायला लागलेत."